खोकला गेल्यावर या

१२ जून
ती. बाबांना सूनबाईचा वाकून नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून सांगवत नाही, म्हणून लिहिते. कापडं रंगवायच्या कारखान्यात बॉयलरची वाफेची नळी फुटली. जोडीदाराला बाजूला ढकलताना ह्यांची पाठ, छाती, दोन्ही हात भाजले. चेहरा वाचला आहे. तुमचा गडबड्या शुद्धीवर येताच विचारत होता, सोमवारी कामावर जाऊ का म्हणून.

पण लगेच निघू नका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कातडी म्हणजे शरीराची भिंत, ती पडली आहे. शिवाय इतकं भाजलं की रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी आधी बेभान होऊन लढतात आणि मग ढेपाळतात. आपल्याला नुसती शिंक आणणारा जंतू ह्यांचा जीव घेऊ शकतो. तुमचा खोकला गेला की या. मीसुद्धा गाऊन, टोपी, मास्क घालूनच आत जाते.

तुमची माया आहे, त्या जोरावर उभी आहे.
सूनबाई

१७ जून
चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात, गिऱ्हाइकाचा चष्मा हातात असतानाच वाचलं. राग आला. बापाला पोराच्या दारात अडवायचं? तणतणत आमच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, सूनबाईचंच बरोबर आहे. आता मुकाट्याने कडू औषध पितोय. गडबड्याला सांग, जन्माला यायची घाई केलीस, बरा व्हायला तरी सवड काढ.

तू जेवतेस ना? खोटं लिहू नकोस.
तुझा,
बाबा

२ जुलै
ती. बाबांना नमस्कार.

मांडीची कातडी काढून पाठीला लावली, ती धरली! डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. तुमचा निरोप ऐकून हे म्हणाले, बाबांना सांग, एवढा जुना खोकला दुकानात विकायला ठेवा. रोज तुमचीच वाट बघतात. खोकला गेला असेल तर पुढच्या आठवड्यात काचेबाहेरून भेटता येईल. काल ह्यांना थोडा ताप होता, औषध बदललंय. जेवते, खरंच.

असाच जीव लावत राहा.
सूनबाई

६ जुलै
चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

खोकला गेला. डॉक्टरने छाती तपासून मोकळं केलं. गुरुवारच्या बसने निघतो, शुक्रवारी सकाळी पोचतो. नवा सदरा घेतलाय. काचेबाहेर का होईना, नीट दिसलं पाहिजे.

भेटीअंती बोलूच.
बाबा

४ ऑगस्ट
ती. बाबांना नमस्कार.

परत जाताना बसजवळ तुम्ही विचारलंत, जखमा भरत होत्या मग पोर गेलं कसं? तेव्हा मी तुमची पिशवी बसमध्ये चढवत राहिले. बाबा, वरची भिंत उभी राहत होती, पण आतले राखणदार अजून उठलेच नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना सावरायला कित्येक महिने लागतात. छातीत जंतू शिरला आणि त्याला अडवायला आत कुणी नव्हतं. सांगताना त्यांचेही डोळे भरले.

त्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी ह्यांनी विचारलं, बाबांची बस निघाली का. निघाली म्हटलं. तर म्हणाले, मग जरा पडतो, बाबा आले की उठव.

हे तुम्हाला तोंडावर सांगवलं नाही. मी तुम्हाला थांबवलं, हे मनातून जात नाही. माझ्यावरची माया आटू देऊ नका.
सूनबाई

११ ऑगस्ट
पोरी,

तू थांबवलंस म्हणून तो तेवढे दिवस तरी जगला. मी खोकत आलो असतो तर जन्मभर मला डोळे वर करता आले नसते. हे पुन्हा मनात आणू नकोस.

काल दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक जुन्या ओळखीचं, बाहेरगावाहून आलेलं. त्याला काही ठाऊक नव्हतं. मुलगा कसा आहे, विचारलं. मी मान खाली घालून त्याच्या चष्म्याचा स्क्रू पिळत होतो. म्हटलं, बरा आहे, कामाची गडबड असते. मग तो बसून राहिला आणि मी मुद्दाम हळूहळू काम केलं. तो उठेपर्यंत पोर बरं होतं.

तू इकडे ये. तुझ्यापुढे मला काही सांगावं लागणार नाही.

वाट बघतो.
तुझा,
बाबा