बिल नको ना?

३ जून
आज नर्सवर ओरडलो. बाबांना अंघोळ घालायला येते ती, सरकारी. जरा उशीर झाला तिला, तर म्हणालो, "फुकट येत नाही तुम्ही, आम्ही टॅक्स भरतो!"

ती बाह्या वर करून बाबांच्या पाठीला साबण लावायला लागली. बायको दारात टॉवेल घेऊन उभी. माझी प्लंबिंगची बिलं तीच लिहिते. निम्म्या कामांची नसतातच! नळ दुरुस्त झाला की मीच गिऱ्हाइकाला विचारतो — "बिल नको ना? मग कमी घेतो."

बायकोने नुसतं बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ जून
समोरच्या काकूंच्या बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवला. काका बस चालवायचे, आता अंथरुणावर. काकूच त्यांना अंघोळ घालतात.

"नर्स का नाही मागवत?"

"यादीत आहोत रे. कमी उत्पन्नवाल्यांना आधी देतात. यांचा टॅक्स पगारातूनच कापला जायचा, पेन्शनही कागदावर. लपवणार काय, कप्पाळ!" हसल्या. मग म्हणाल्या, "पक्कं बिल दे हं. त्या टॅक्समधूनच तर तुझ्या बाबांची नर्स येते."

बिलबुक घरी राहिलं म्हणालो. माझ्या पिशवीत ते कधी नसतंच.

९ जून
बाबांच्या उशाशीच बोलणं झालं. बायको म्हणाली, "खरं उत्पन्न दाखवलंस तर नर्स बंद होईल."

"माहितीये."

"मग आधी त्या काकूंकडे जाईल. बाबांना तू घाल अंघोळ."

बापाला उघडं बघायची मला लाज वाटते. आणि टॅक्स चोरायची नाही वाटली! शी!

१२ जून
टॅक्स ऑफिसात जाणार होतो. अर्जंट काम आलं. — थापा! काम नव्हतंच.

१६ जून
काकू पडल्या. काकांना सावरताना ओल्या फरशीवर पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलंय. अँब्युलन्स आली, सरकारीच. स्ट्रेचर मी धरलं. काकू एवढ्या दुखण्यातही मला म्हणतात, "तुझा दांडा पक्का आहे हो, माझाच हात सुटला."

जिन्यात बसून रडलो.

१७ जून
नर्स वेळेवर आली. बाबांना बोलता येत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. त्यांनी तिचा हात बाजूला सारला. समोरच्या काकूंच्या दाराकडे बोट केलं. मग साबण उचलून माझ्या हातात दिला.