विष कानाला लागत नाही

माय, त्या दिवशी मारुतीच्या देवळात तुला ऐकू येत होतं का? एवढंच विचारायचं आहे. मी आता शहरात दवाखान्यात सिस्टर आहे, अतिदक्षता विभागात, रिटायर व्हायला थोडंच राहिलंय. तू गेलीस तेव्हाचं तुझं वय मी कधीच मागं टाकलं. आज समोर आलीस तर लोक मलाच तुझी माय म्हणतील. तुझे धनी, आमचे अण्णा, लई थकलेत. पुंडलिकनगरात माझ्याकडंच असतात, भाकरी दुधात कुस्करून खातात. हा प्रश्न इतकी वर्षं मी गिळून होते. परवा तो अण्णांनीच विचारला.

ती सकाळ मला अजून दिसते. पिशोरच्या घरात तू चुलीपाशी पोट धरून बसलीयस. तव्यावरची भाकरी करपतेय आणि तू ती उलटत नाहीस, म्हणून आत्या तुझ्यावर खेकसते. रात्रीची आमटी बाधली असंल, असं सगळे म्हणतात. मग तू भुईवर जिथं निजली होतीस तिथली गोधडी झटकताना अण्णांना ती सापडते, काळीभोर, अंगावर बारीक पांढऱ्या रेघा. मण्यार. अण्णा तिला काठीनं ठेचतात. तुझ्या हातापायांवर खूण शोधली, कुठंच काही नाही. मण्यारीचा दात इतका बारीक की बहुतेकदा खूण दिसत नाही आणि दुखतही नाही, हे तिथं कुणाला ठाऊक? आपल्याकडं परीक्षा एकच. आत्यानं अंगणातल्या कडुलिंबाचा पाला ओरबाडून तुझ्या तोंडात कोंबला. गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर नाही. तू तोंड वेडंवाकडं करत म्हणालीस, "कडूजार लागतंय." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तुला तालुक्याला न्यायला दारात येऊन उभी राहिलेली जीप अण्णांनी परत पाठवली.

मला त्या पाल्याचा इतका राग आहे की गुढीपाडव्यालाही मी तो तोंडात घेत नाही. ऐक, तुला समजंल असं सांगते. हात हलव, पापणी उचल, श्वास घे, असा मेंदूचा हुकूम नसेतून येतो. नस संपते तिथं आणि स्नायूत एक बारीकशी फट असते. नस त्या फटीत एक रसायन सोडते. पलीकडं स्नायूवर ते झेलणाऱ्या जागा असतात, आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो. रसायन तिथं बसलं की स्नायू हलतो. मण्यारीच्या विषातलं एक प्रथिन नेमकं त्याच जागा अडवून बसतं, कुलपाच्या भोकात कुणी काडी मोडून ठेवावी तसं. दुसरं प्रथिन नसेचं टोकच नासवतं, मग हुकूम फटीपर्यंत येऊनही पलीकडं जात नाही. आधी पापण्या, मग जीभ, घसा, शेवटी छाती. पण चव कळणं हे काही स्नायूचं काम नाही, त्यामुळं कडू ते कडूच लागतं. विष भिनत होतं आणि पाला आपला कडू लागत होता, आणि शहाणी माणसं तेवढ्यावर निश्चिंत होऊन कामाला लागली.

ऊन चढायच्या आत तुझ्या पापण्या खाली आल्या. आत्या म्हणाली, झोप आली असंल, निजू द्या. मग तुझं बोलणं जड झालं, थुंकी गिळंना. तेव्हा कुठं धावपळ झाली, पण जीप दुसऱ्या भाड्यावर गेलेली. तुला बाजेवर घालून मारुतीच्या देवळात नेलं, साप चावला की सगळे नेतात तसं. गाव जमलं. तू हलत नव्हतीस, पापण्या अर्धवट मिटलेल्या. कुणीतरी म्हणालं, गेली. तुझा पदर छातीवर हलत होता, मी बोट दाखवलं, तर म्हणाले वारा आहे. अण्णा खांबाला टेकून रडत होते आणि आत्या तुझ्या उशाशी बसून त्यांची समजूत काढत होती. बाई वाईट नव्हती गं, तोंडानं फाटकी होती एवढंच. तुझ्या कानापासून वीतभर अंतरावर ती म्हणाली, "रडू नको. पोरींसाठी दुसरी करावीच लागंल तुला. माझ्या नणंदेची पोर हाय, हिच्यापरीस कामाला वाघ." अण्णांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "बघू." तुझ्या डोळ्यातून पाणी आलं, ते आत्यानंच पुसलं. पापणी नीट मिटत नसली की डोळ्याला पाणी येतं, पुस्तकात तसं दिलंय. दुसरंही कारण असतं. नणंदेची ती पोरगी वर्षाच्या आत आली. आम्ही तिला मावशी म्हटलं आणि तिनं आम्हाला जपलं, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता परवाचं. कन्नडकडची एक बाई आमच्याकडं व्हेंटिलेटरवर होती, मण्यारच चावलेली. बघणाऱ्याला वाटावं मेलीच. अशा पेशंटच्या माणसांना मी दरडावून सांगते, विष कानाला लागत नाही, हिला सगळं ऐकू येतं, चांगलं बोला. नवरा लाजरा. बराच वेळ उभा राहिला आणि मग तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "म्हैस धार देईना तुझ्याबिगर." नळी निघाल्यावर त्या बाईनं पहिल्यांदा घोगऱ्या आवाजात विचारलं, म्हशीला पेंड घातली का. आम्ही सगळ्या हसलो. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी येऊन हे मी मुलीला हसत हसत सांगत होते. अण्णा जेवत होते. त्यांचा हात ताटातच थांबला. म्हणाले, "म्हणजे मेल्यागत पडलेल्या माणसालाबी ऐकू येतं?" मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या मायला येत आसंल का गं?" इतक्या वर्षांत या माणसानं तुझा विषय स्वतःहून काढला नव्हता. मी म्हटलं, नाही अण्णा, ती आधीच बेशुद्ध झाली होती, तिला काही कळलं नाही. सिस्टरच्या आवाजात सांगितलं, तो आवाज लोक मानतात. ते "बरं" म्हणाले आणि भाकरीचा उरलेला काला मांजरीपुढं सरकवला.

मी खोटं बोलले, माय. म्हाताऱ्या बापाच्या जिवासाठी बोलले असं म्हणायला मी मोकळी आहे, आणि लोकही तेच म्हणतील. पण खरं सांगू? तुला काही कळलं नाही, हे कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, असं मलाच कधीचं वाटत होतं. दुसरं कुणी म्हणंना, म्हणून मीच म्हटलं.