आयत्या वेळी सुचलेलं

४ जानेवारी

आज घडलं ते असं:
१. रेकॉर्ड कंपनीच्या बाईंचा फोन आला.
२. माझा पहिला जॅझ अल्बम काढायला कंपनी तयार आहे. आठ गाणी.
३. अट एकच. पियानोवर काका हवेत. काका नसतील तर अल्बम नाही.
४. काका माझे कोणी नव्हेत. वाजवणारे सगळेच त्यांना काका म्हणतात.
५. काका हो म्हणाले.
६. आईने ही बातमी जिन्यात तीन जणींना सांगितली. मी कोणालाही सांगितलेली नाही.

कंपनीला माझ्यापेक्षा काकांचं नाव मोठं वाटतं. वाटू दे. अल्बम निघाला की त्यांचे डोळे उघडतील.

११ जानेवारी

गाणी निवडली. काकांनी सुचवलेली जवळजवळ सगळी बाद. कारणं: सोपं. सोपं. गोड. फारच सोपं. एका गाण्याबद्दल काका म्हणाले की ते ऐकताना लोक रडतात. रडणं हा निकष कधीपासून झाला? मी लॅबमध्ये वजनकाटे आणि तापमापक तपासते. काटा बरोबर आला म्हणून कोणी रडलेलं मी पाहिलेलं नाही.

माझी निवड: ज्यांत आवाज अगदी तळापासून माळ्यापर्यंत जातो ती. एकात तर स्केल तीनदा बदलते. ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळायला हवं की हे त्याच्या बापाला जमणार नाही.

आई म्हणाली, एखादं तरी गुणगुणता येईल असं घे गं. आईशी संगीतावर बोलायचं नाही, हा संकल्प. (मागच्या वर्षीही केला होता.)

१९ जानेवारी

पहिली तालीम. काकांची खोली टायरच्या दुकानावर आहे. खाली हवा भरताना फुस्स आवाज होतो आणि काका त्यालाही पियानोवर उत्तर देतात. वय झालं की माणूस करमणुकीला काहीही शोधतो.

बास वाजवणारा उंच आणि मुका. मी त्याला मनात खांब म्हणते. ड्रम वाजवणाऱ्याचं नाव मी उशीर ठेवलं आहे. येतो उशिरा, आणि काठीही ठोक्याच्या केसभर मागे पाडतो. मी मोजून त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, ताई, तेवढ्यासाठीच तर मला बोलावतात. लाज कशाशी खातात हे या माणसाला ठाऊक नसावं.

जॅझमध्ये गाण्याच्या मधोमध एक मोकळी जागा असते. तिथे शब्द संपतात आणि गायकाने आयत्या वेळी सुचेल ते गायचं असतं. ‘आयत्या वेळी’ ही कल्पना आळशी लोकांनी काढली आहे. मी आठही गाण्यांच्या मोकळ्या जागा घरी लिहून काढल्या आहेत. कुठे श्वास, कुठे अडखळल्यासारखं, कुठे हलकंसं हसू. उत्स्फूर्तपणा इतका नेटका मी तरी कुठे ऐकलेला नाही.

त्या तिघांना हे सांगितलेलं नाही. गरज वाटली नाही.

२७ जानेवारी

मोकळ्या जागांचा सराव रोज. हसू अजून दहातल्या दोन वेळा चुकतं. कपड्यांच्या घड्या घालताना आई माझीच जागा गुणगुणत होती, सूर बऱ्यापैकी. म्हणजे काम ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं आहे. गुणगुणता येईल असं काहीतरी हवं होतं ना तिला?

शेजारच्या आजोबांनी विचारलं, मुलगी रोज तेच तेच का हसते? आईने त्यांना काय सांगितलं ते कळलं नाही.

३ फेब्रुवारी

स्टुडिओ. भिंतींवर राखाडी स्पंज, गालिच्यावर कॉफीचा जुना डाग. मी काचेच्या खोलीत, ते तिघे बाहेर. मधल्या काचेतून काका सारखे माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटून घेतले. तसंही गाताना मिटलेले बरे दिसतात.

पहिल्या गाण्याचे तीन टेक. रेकॉर्डिस्टने माझे दोन टेक एकावर एक ठेवले आणि एकदम वाजवले. एकच आवाज ऐकू आला. तो स्क्रीनकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही. मी ‘थँक यू’ म्हणाले. मोजकंच बोलावं.

त्या तिघांचे तिन्ही टेक तीन तऱ्हेचे. काकांनी तिसऱ्यात शेवट भलत्याच ठिकाणी नेला आणि वर हसले. एकदा केलेलं दुसऱ्यांदा करता येत नाही, त्याला हे लोक कला म्हणतात.

४ फेब्रुवारी

उपाय सापडला. माझ्या हेडफोनमधला तिघांचा आवाज जवळजवळ बंद करून घेतला. फक्त ठोका ठेवला, तोही मशीनचा. रेकॉर्डिस्टने दोनदा विचारलं, नक्की? नक्की.

दुसरं गाणं एका दमात गायले. डोळे उघडले तर तिघेही हातावर हात ठेवून बसलेले. मधल्या मोकळ्या जागेतच त्यांनी वाजवणं थांबवलं होतं म्हणे, मी काय करते ते बघायला. पुढचं सगळं मी एकटीने गायले, आणि शेवटी पियानोशी ताडून पाहिलं तर सूर तसूभर ढळलेला नाही. कोणी कौतुक केलं नाही. खांबाने पाणी पिऊन घेतलं.

निष्कर्ष: तिघांनाही माझ्यासोबत टिकता येत नाही.

१० फेब्रुवारी

आई स्टुडिओत आली. मावशीकडे निघाली होती, किल्ली द्यायला. रेकॉर्डिस्टने तिला कंट्रोल रूममध्ये खुर्ची दिली. मी आत गात होते. कंट्रोल रूममधलं बोलणं आत ऐकवायचं जे बटण असतं, ते चालूच राहिलं होतं.

मोकळी जागा सुरू झाली आणि आम्हा चौघांच्याही हेडफोनमध्ये आईचा आवाज आला. ती रेकॉर्डिस्टला कौतुकाने सांगत होती.

“आता वर जाईल बघा. आता अडखळेल. घाबरू नका, ते मुद्दामच आहे. आता हसेल.”

मी हसले. जिथे लिहिलं होतं तिथेच. थांबायला हवं होतं हे आता कळतं, पण सराव पक्का होता.

उशीरने काठ्या खाली ठेवल्या आणि ड्रमवर डोकं टेकलं. खांब हसला. त्याला दात आहेत हे आज कळलं. काका हसले नाहीत. तेवढं एक बरं नव्हतं.

आई बाहेर आल्यावर म्हणाली, “मला आठही येतात हो.”

चूक बटणाची. रेकॉर्डिस्टचा निष्काळजीपणा. लेखी तक्रार करायची.

११ फेब्रुवारी

तक्रार केली नाही. वेळ नव्हता.

काकांनी खोलीवर बोलावलं. खाली कोणीतरी टायर बदलत होतं, काका त्याच्याकडेही लक्ष देईनात.

“पाठ करण्याला माझी ना नाही गं,” ते म्हणाले. “पण तिथे आम्ही तिघं तुझ्याशी बोलत असतो. तू एकदाही ओ दिली नाहीस.”

मी म्हणाले की माझा एकही सूर चुकलेला नाही, हवं तर मोजून दाखवते. ते म्हणाले, ठाऊक आहे. मग म्हणाले, यातून मला मोकळं कर.

मी बरं म्हणाले. जिना उतरताना हिशेब केला: जगात पियानो वाजवणारे पुष्कळ आहेत.

१६ फेब्रुवारी

पुष्कळ आहेत, पण त्यातले जे काकांना ओळखतात त्यांना वेळ नाही, आणि जे ओळखत नाहीत त्यांना जॅझ येत नाही.

काकांशिवाय खांब आणि उशीरही येत नाहीत. म्हणून संपूर्ण वाद्यवृंद लॅपटॉपवर बसवला. शेवटी शिस्तीची माणसं मिळाली. वेळेवर येतात, खात नाहीत, हसत नाहीत. एक गाणं कंपनीला पाठवलं.

१८ फेब्रुवारी

कंपनीच्या बाईंचं उत्तर: आवाज स्वच्छ आहे. पण खोलीत कोणीच नाही असं वाटतं. काका येणार आहेत की नाही ते २८ तारखेला सांगा. नसतील तर आपण इथेच थांबू.

कॉर्पोरेट लोकांना संगीतातलं काय कळतं.

दोनदा वाचलं. नंतर आईने विचारलं, जेवतेस ना. मी म्हणाले, नंतर.

२१ फेब्रुवारी

ते तिघे शनिवारी एका हॉटेलच्या लॉबीत वाजवतात. पुरावा गोळा करायला गेले. उशीर किती मागे वाजवतो, काका किती वेळा चुकतात, सगळं रेकॉर्ड करून बाईंना पाठवायचं ठरवलं होतं. कुंडीच्या आडची खुर्ची घेतली.

दुसऱ्या गाण्यात काकांच्या बोटाखाली एक चुकीचा सूर आला. स्पष्ट. मी लिहून घेणार तेवढ्यात खांबाने तोच सूर खाली धरला. काकांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग तिघेही त्या चुकीच्या सुरावरून भलतीकडेच निघाले. उशीर अजिबात घाईत नव्हता. कुठे चालले आहेत ते त्यांनाही ठाऊक नसावं. एक पोरगी सामानाची बॅग धरून लिफ्टसमोर उभी होती. लिफ्ट आली आणि गेली, ती तिथेच.

घरी येऊन पाहिलं तर रेकॉर्डर चालूच केलेला नव्हता. बॅटरीचा दोष असावा.

बॅटरी भरलेली आहे.

२२ फेब्रुवारी

सकाळी मोकळी जागा गाऊन पाहिली, कागद न घेता. तरी तीच आली. हसूसुद्धा. दुसऱ्यांदा सुरुवात केली आणि तिसऱ्या सुरावर मुद्दाम थांबले. पुढे काय, ते सुचेना. नुसती उभी राहिले. आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, “काय गं, पुढचं विसरलीस?” मी म्हणाले, नाही.

संकल्प केलेला नाही.

काकांना पाठवायचा मजकूर, चौथा खर्डा. आधीच्या तिन्हींत सुरांची आकडेवारी होती, ती काढली:

काका, शनिवारी मी लॉबीत होते. कुंडीमागे. तुम्ही पाहिलं असेल. अल्बमची गाणी तुम्ही निवडा, सोपी चालतील. हेडफोनमध्ये तुम्हा तिघांचा आवाज पूर्ण ठेवीन. मोकळ्या जागेत काय गायचं ते मला माहीत नाही, आणि काही सुचेल अशी खात्रीही देता येत नाही. तरी याल का? कंपनीला २८ला सांगायचं आहे. हो किंवा नाही, २७ तारखेपर्यंत कळवावे.