बाबांचा फोटो मढवताना

७ नोव्हें. ५४, रवि.
पेटी उघडली तं बाबांच्या फोटोचा कोपरा कसरीनं खाल्लेला! फोटोत पायातला एक जोडा पुरा गेला. एवढा एकच फोटो आहे त्यांचा. मी चौथीत होती तेव्हा कामासाठी नागपूरले गेले, ते आलेच नाई. ना चिठ्ठी, ना निरोप. आई अजून रोज कुंकू लावते.
मढवून घ्याच लागते, नाई तं पुढच्या वर्षी तोंडही राहणार नाई.

१३, शनि.
समुद्रपुरात कोणी मढवत नाई. शाळेत शिकवणं आटोपलं अन् हिंगणघाट गाठलं. तिथं तयार फ्रेमा, साऱ्या देवांच्या मापाच्या. दुकानदार म्हणे, "फोटो कापून बसवतो." कापतो म्हणे, मेला! शेजारच्या बांगडीवालीनं वर्ध्याचं एक दुकान सांगितलं.

२१, रवि.
वर्धा. सापडलं बाई! बाजारामागच्या बोळीत. भिंतभर लक्ष्म्या, विठोबा अन् लोकांचे आजे. म्हाताऱ्यानं फोटोवर नुसती काच ठेवली अन् बाबा एकदम समोर आले. गालावरचा वण दिसला! मी पाहतच राह्यली.
"मापाची सागपट्टी कापून देतो. खाली तारीख लिहू?"
"कायची?"
"गेल्याची."
नुसती मान हलवली. काय समजला कोण जाणे.

२८, रवि.
आणला. घरी आईसमोरच कागद सोडला. काय काम केलं आहे! पट्ट्या जोडल्या तिथं नख शिरत नाई. पण काचेवर गंधाचा टिळा, वर हारासाठी हूक. तारीख नाई लिहिली, पण बाकी सारं गेलेल्या माणसाचं केलं बुढ्यानं!
आईनं डोक्यावरून पदर घेतला, बाबा घरात आल्यावर घेत होती तसा. पदराच्या टोकानं टिळा पुसला, हळूहळू. मंग किती वेळ पाहत होती.
"केस पिकले असतीन आता यायचे," म्हणते.
अगं माय! मी फोटो सोडून आईकडंच पाहत बसली.

२९, सोम.
शेजारून हातोडा आणला. आजा-आजीच्या फोटोंजवळ खिळा धरला तं आई एकदम, "तिथं काऊन व? ते गेलेल्यायची भिंत हाय."
"मंग कुठं लावू?"
"थांब. हे आले का यायलेच विचारू."
हातोडा परत देऊन आली, तवरी तिनं फोटो धान्याच्या कोठीवर टेकवला होता, दाराकडं तोंड करून.