समोवारजवळची जागा

प्रिय आयझिरेक,

फोनवर तू "जमलं तर येते" म्हणालीस आणि लगेच सोलमधल्या थंडीचं सांगायला लागलीस. पत्रात तुला विषय बदलता येणार नाही. पुढच्या महिन्यात तुझ्या आईचा आश आहे, तिला जाऊन वर्ष होईल त्याचं जेवण. मेंढी ठरवली आहे, बोर्सोक तळायला शेजारणी येणार आहेत. समोवारजवळ बसून चहा कोण ओतणार, एवढंच सगळ्या विचारतात आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

तुझ्या हट्टापायी वाचनालयातल्या संगणकाच्या, पायथॉन भाषेच्या वर्गाला जातोय. जन्मभर घाटातून ट्रक हाकलेला माणूस आता एका कंसासाठी बोलणी खातो. शिकवणारी झुपार तुझ्याहून लहान, पण धाक तुझ्या आईसारखा. "आबा, कंस मिटवा! ट्रकचं दारही असंच उघडं टाकून जायचात का?" सगळा वर्ग हसतो, मीही हसतो. घरी हसायला कोणी नाही गं. भिंतींशी बोलून बोलून त्याही कंटाळल्या असतील.

परवाचं गणित अगदी पहिलीतलं होतं. नावांची यादी करायची आणि तिच्यातून नको ती नावं काढायची. बाकीच्यांनी फळं घेतली. मला आपल्या दस्तरखानावरची माणसंच सुचली, बसायची त्याच क्रमाने. मानाच्या जागेवर थोरले काका, मग मी, दाराकडे कनिशाय मावशी, तिला खेटून समोवारजवळ तुझी आई आणि पेले पुढे करायला तू. गेलेल्यांची वेगळी यादी केली आणि यंत्राला सांगितलं, एकेका नावापाशी जा, गेलेलं असेल तर उठव.

काका उठले. कनिशाय मावशी उठली. तुझी आई मात्र जागेवरच!

मी झुपारला बोलावलं. झुपार म्हणाली, "ही चूक सगळेच करतात, आबा. एक उठला की पुढचा सरकून त्याच्या जागी येतो, आणि यंत्र तोवर पुढे गेलेलं असतं. त्याला तो दिसतच नाही." खरंच असणार. पंगतीत मधेच रिकामी जागा तुझ्या आईला कधी बघवली नाही, लगेच सरकून बसायची. तास संपेपर्यंत मी ती चूक तशीच ठेवली. पडद्यावर तुम्ही दोघी शेजारी शेजारी होतात.

आज झुपारने उपाय सांगितला. मांडलेल्या यादीतून कोणाला उठवायचं नाही. नवी रिकामी यादी घ्यायची आणि जे आहेत त्यांनाच तिच्यात बसवायचं. आधी हातानेच करून बघा, म्हणाली. मी स्वतःला बसवलं आणि तुझ्या नावापाशी हात थांबला. "घाला की आबा, ती तर आहे ना?" मातीला तुला पोचता आलं नाही याचा मला राग नाही, पोरी. पण तेव्हापासून तू आईचं नावही काढत नाहीस, घराकडे फिरकत नाहीस. आई उठली आणि तिच्याबरोबर तूही उठून गेलीस. यादी अर्धी टाकून घरी आलो आणि हे लिहायला बसलो. समोवारजवळ तुझं नाव घालू का, तेवढं कळव.

वाट बघणारा, तुझा बाप,
अता