देवाची पाचर

बाई, देवाघरी गेल्यावर तरी चष्मा सापडला का तुम्हाले? इथं तर दर बुधवारी आमच्या चुलीपुढं बसून पिशवी उलटी करत होत्या, अन् चष्मा डोक्यावर. एवढ्या विसराळू तुम्ही, म्हणून आधी ओळख सांगते. मुकुटबनले तुम्ही आम्हा बायांना बायबल सांगाले येत होत्या, त्यातली जिले एक अक्षर आलं नाही, जिनं पाटीवर 'ग' काढला की तुम्ही विचारत, "हा विळा आहे का गं?", ती मी. आताही लेखणी माझ्या हातात नाही. नात लिहून राह्यली. ती माझ्या 'मले'चं 'मला' करत होती. म्हटलं, राहू दे, नाहीतर बाईले वाटन दुसरंच कोणी बोलून राह्यलं.

एक दुपार आठवते. मी अंगणात बसून कुऱ्हाडीच्या ढिल्या दांड्यात पाचर ठोकते आहे, अन् तुम्ही उन्हातून येता, पदरानं तोंड पुसता. मी नवी नवरी, पण तोंडाची फटकळ. विचारलं, "बाई, एवढ्या उन्हात कायले फिरता? देव दिसते का रस्त्यानं?" तुम्ही हसल्या नाही. म्हणाल्या, "दिसत नाही गं. पण कुठं जा म्हणतो ते कळतं. तुलाही देवाचं पाचारण आहे." माझ्या दगडाची ठकठक सुरूच होती. त्यात मले ऐकू आलं, तू देवाची पाचर आहेस. हातातल्या लाकडाच्या चिपेकडं पाहिलं अन् मले एकदम पटलं. एवढीशी चीप, पण ती नसली तर पातं उडून कोणाच्या तरी पायावर पडते.

मग जन्मभर तेच केलं, बाई. जिथं ढिलं दिसलं तिथं जाऊन बसले. शेजारणीचं बाळंतपण अडलं, तिच्या उशाशी बसले. रविवारच्या उपासनेले देवळात दोन जावा एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या, तर बाकावर दोघींच्या मधात बसले, अन् उपदेश संपेपर्यंत दोघींचे टोमणे माझ्याच कानातून गेले. कापूस वेचाले बाया गेल्या की त्यांची लेकरं माझ्या ओट्यावर, मग ती कोणाच्या का जातीची असनात. कोणी विचारलं, "म्हातारे, तुले काय पडलं?" तर मनात म्हणायची, बाईनं सांगितलं हाय. वाचता येत नव्हतं, पण आपण कशासाठी हावो ते मले ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात देवळातल्या उपदेशात पाळकसाहेब पाचारणावर बोलले. मी नातीले कोपर मारलं, "पाय, माझं सांगून राह्यले, पाचर." ती तोंडात पदर कोंबून हसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आजी, पाचर नाही, पाचारण. म्हणजे बोलावणं." मीही हसले. मग ती हळूच म्हणाली, "अन् ते मले आलं हाय." यवतमाळले नर्सिंग शिकली ती. आता आसामात डोंगरावर मिशनचा दवाखाना हाय, तिथं जातो म्हणते. तिच्या मायबापानं सांगितलं, आजी हो म्हणन तर जा.

त्या दिवसापासून माझा गुडघा दुखून राह्यला. घरच्या प्रार्थनेत मी मोठ्यानं म्हणते, "प्रभू, पोरीले दृष्टी दे, तिले नेमकी वाट दाखव," अन् मनात जोडते, पण यवतमाळच्या पुढची नको. आमेन झालं की कण्हते. पोरगी तेल कोमट करून आणते. परवा मी पाय लांब केला, तर तिनं तेलाची वाटी तशीच हातात धरली. म्हणाली, "आजी, काल डावा होता ना?"

मले जागच्या जागी मरून जावंसं वाटलं, बाई. ती नर्स हाय, तिले पहिल्याच दिवशी कळलं असन. तरी तिनं आधी उजवा चोळला, मग डावाबी चोळला, खोट्या दुखण्याले खरं तेल. मी भिंतीकडं तोंड केलं. पाते-दांड्याच्या मधात बसते ती पाचर, अन् चालत्या चाकात ठोकली तर ते अडते, तीबी पाचरच. एवढी वर्षं देवाची म्हणून मिरवली, अन् त्यानं माझ्याच घरात कोणाले हाक मारली तर मी जाऊन चाकात बसले. तुमच्या पायात कोणी अशी बसली असती, तर तुम्ही आमच्या चुलीपर्यंत आल्याच नसत्या.

आता लेखणी थांबली हाय. "आजी, हेबी लिहू?"

"लिही. मी बाईले सांगून राह्यली, तुले नाही."

"नाक काहून ओढतेस मग?"

"तू आपलं अक्षर पाय."

हे पत्र कोणत्या पेटीत टाकावं? पोस्टमन म्हणन, म्हातारी सटकली. राहू दे इथंच. गुडघे माझे बरे हायेत, बाई, दोन्हीबी. भेव वाटलं होतं, एवढंच.

अन् पोरी, हे खाली लिही, तुझ्यासाठी हाय. तिकडं आसामात काळा तांदूळ पिकते म्हणतात. मले काही खरं वाटत नाही. कोणी इकडं येत असन, तर त्याच्यासंगं किलोभर धाडजो, खीर करून पाहतो. निवडून धाडजो मात्र, मले आता खडे दिसत नाहीत.