बेवारशी आग

कडाव, ता. कर्जत, जि. कुलाबा
मंगळवार, ता. ८ फेब्रुवारी १९४९

तीर्थस्वरूप सहदेवराव यांना कडावच्या मुक्कामाहून धाकलूचा दंडवत. चौक गावी घरची सगळी मंडळी धडधाकट असतील, तुमचा खोकला थंडीबरोबर उतरला असेल, वहिनींच्या गुडघ्याला एरंडेलाचा गुण आला असेल, आणि म्हैस व्याली असल्यास पारडी झाली असेल, अशी आशा करतो. माझं म्हणाल तर पोट, दात आणि झोप ही तिन्ही ठीक आहेत. हात कापायचा थांबला. (अक्षर बघा. मागचं पत्र कोंबडीनं उकरल्यासारखं आहे म्हणून तुम्ही पोस्टमनला वाचायला दिलंत, आणि त्यानं ते चावडीवर मोठ्यानं वाचलं, हे मला इथे कळलं. हे पत्र तुमचं तुम्हाला वाचता येईल.)

तुम्ही मला आनंदीबाईंच्या या निर्व्यसनी घरात आणून सोडल्याला आज बावन्न दिवस झाले. गाव याला दारुड्यांची शाळा म्हणतं आणि त्यात खोटं काही नाही. भाताच्या जुन्या वखारीत आम्ही अकराजण सतरंज्यांवर झोपतो, पहाटे पेज पितो, मळ्याला पाणी घालतो, आणि आनंदीबाईंच्या धाकात राहतो. बाई पूर्वी शाळेत शिकवत होत्या. कुणाची मोहाच्या फुलांकडे नुसती नजर वळली तरी त्यांना पाठीला कळतं. तरी मला बाईंची तक्रार करायची नाही, पेजेची नाही, डासांचीही नाही. माझी तक्रार बुधाजीची आहे.

हा बुधाजी खालापुराकडचा. आमच्यात तो सगळ्यांत जास्त प्यालेला, आणि म्हणून सगळ्यांत मोठा. इथली रीत अशी की दर शनिवारी दिवेलागणीला प्रार्थना झाली की एकेकानं उठून दारूनं आपलं काय केलं ते सांगायचं. गावातली माणसंही ऐकायला येतात, पोरंबाळं घेऊन येतात. आता बुधाजीनं काय केलं होतं? एकदा झिंगून स्वतःच्याच बैलाला फौजदार समजला आणि तासभर त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला, वर त्याला कोंबडी देऊ केली. हे ऐकून लोक हसून हसून आडवे होतात. ते उठून बसले की हा आवाज खाली घेतो आणि सांगतो, आई तापानं फणफणली होती, तिचं औषध आणायला कर्जतला गेलो आणि तिसऱ्या दिवशी रिकामी बाटली घेऊन परत आलो, दार आईनंच उघडलं आणि म्हणाली, “जेवलास का रं?” झालं! बायका डोळ्यांना पदर लावतात, पुरुष खोकतात, आनंदीबाई चष्मा पुसतात. (सात शनिवार मी हे ऐकलं. सातही वेळा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. याचा मला जास्त राग येतो.)

मग मान कुणाला, तर बुधाजीला. घंटा वाजवायला बुधाजी. कर्जतहून साहेब पाहुणे आले तर झेंडूचा हार घालायला बुधाजी, आणि साहेबांनी तोच हार उलट घातला तोही बुधाजीच्याच गळ्यात. मला काम काय, तर मोरीला चुना मारायचा. बरं, माझी पाळी आली की मी उठायचो आणि सांगायचो, मी प्यायचो आणि झोपायचो. लोक विचारायचे, मग? मी म्हणायचो, मग उठायचो. एकदा तर एक म्हातारी माझं बोलणं चालू असताना बाजूच्या बाईला वालाचा भाव विचारायला लागली. सहदेवराव, वीस वर्षं मी प्यालो. या बुधाजीपेक्षा घोटभरही कमी प्यालो नाही. आणि माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंसंही नसावं?

त्यात विहिरीवर पाणी भरताना कानावर आलं की गेल्या वर्षी इथल्या कुणाची तरी पेंढ्याची उडवी भर दुपारी जळाली आणि कुणी लावली ते शेवटपर्यंत सापडलं नाही. माझ्या मनात आलं, धनी नसलेली वस्तू घेतली तर पाप नाही. मग धनी नसलेली आग घ्यायला काय हरकत? गेल्या शनिवारी मी उठलो, कोपऱ्यातल्या कंदिलाकडे बघितलं आणि सुरुवात केली. प्यालेला होतो, वाटेत विडी पेटवली, काडी टाकली ती उडवीत. ज्वाळा आंब्याच्या शेंड्याला लागल्या म्हणालो. गुरं हंबरत होती म्हणालो. आणि मी टाळ्या वाजवत नाचत होतो म्हणालो. वालाचा भाव विचारणारी म्हातारी तोंड उघडं टाकून बघत होती. बुधाजी मान खाली घालून ऐकत होता. देवाशपथ सांगतो, वीस वर्षांत कुठल्याही बाटलीनं मला तेवढी चढली नव्हती.

तेवढ्यात मागच्या भिंतीशी घोंगडी घेऊन बसलेला एक माणूस उठला आणि म्हणाला, “ती उडवी माजी हाय.”

त्याचं नाव नामाजी. पावसाळ्यात पेंढा नव्हता म्हणून त्याची एक गाय वाळून मेली, हे मला विहिरीवर कुणी सांगितलं नव्हतं. तो पुढे आला तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “नाचत होतास न्हवं? आता चल पाटलाकडं, तितं नाचून दाखव.” मी म्हणालो, मी नाही लावली, मी खोटं बोललो. यावर सगळी वखार हसली. अशा वेळी सगळेच असं म्हणतात. आणि तेव्हा, सहदेवराव, तो बुधाजी उठला. नामाजीच्या पायांशी बसून म्हणाला, “दादा, त्याला सोड. तुजी उडवी मी रचून देतो. या हंगामाचा माज्या शेतातला पेंढा तुजा.” लोकांनी माना डोलावल्या, बाईंनी पुन्हा चष्मा काढला. म्हणजे बघा, आग मी लावायची आणि पुण्य यानं घ्यायचं! (त्यानं ते मनापासून केलं. मला माहीत आहे. म्हणूनच मला तो सहन होत नाही.)

आनंदीबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि नामाजीला दिवस विचारला. तो म्हणाला, “आखितीचा. दुपारची येळ.” माझ्या तोंडून निघून गेलं, आखितीला मी चौकात होतो, गोठ्यात. बाई म्हणाल्या, “मग ते सांगा, धाकलू.”

आता हे तुम्हाला काय सांगायचं. तुमच्याच घरचं आहे. पण तिथे सांगावं लागलं. त्या अक्षय्यतृतीयेला तुमच्या मंगळीचं लग्न होतं. तिची आई गेल्यावर, नव्या वहिनी घरात येईपर्यंतची सहा वर्षं, तुमच्या बहिणीनं, सुंदरानं, भाचीला आमच्याकडे आणून पोटच्या पोरीसारखी वाढवली. आम्हाला मूल नाही. मी सकाळपासूनच प्यालो होतो आणि वरातीपुढे जायचं म्हणत होतो. व्याह्यांसमोर शोभा नको म्हणून सुंदरानं मला गोठ्यात नेलं आणि माझा दंड धरून बसली. बाहेर मंगलाष्टकं झाली. ताशा झाला, पंगती बसल्या. उन्हं कलल्यावर मी जागा झालो तर ती तशीच बसली होती, आणि तिच्या मुठीत अक्षता होत्या. घामानं ओल्या होऊन त्यांचा गोळा झाला होता. तिनं तो गव्हाणीत टाकला आणि म्हणाली, “उठा. पोर निगाली.”

मी एवढंच सांगितलं. कुणी हसलं नाही आणि कुणी रडलंही नाही. म्हातारीनं भाव विचारला नाही. बाई म्हणाल्या, “बसा आता.” मी बसलो. मग बुधाजीची पाळी होती, तर तो म्हणाला आज नाही. आठवड्यांमागून आठवडे मला हेच हवं होतं की हा माणूस एकदा तरी गप्प बसावा, आणि बसला तेव्हा मला वाटलं, बोल रे बाबा, काहीतरी बोल, त्या बैलाचं सांग.

तर काम असं आहे. नामाजी म्हणाला, तुज्या मेव्हण्याचा कागद आण, तर मानीन. तरी धाकलू आखितीला दिवसभर चौकात आमच्या गोठ्यात होता, असं दोन ओळींत लिहून खाली सही करावी. फार खुलासा नको.

तुमचा,
धाकलू

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तोच नामाजी आला. म्हणाला, “कागद नको. माज्या पोराला बी त्याची आय अशीच धरून बसते.” मग वखारीत डोकावला आणि इथे किती दिवस ठेवतात ते विचारून गेला. तेव्हा कागदाची गरज उरलेली नाही. तरी कागद पाठवावा.

ता. क. दुसरा. टपालाचा आता भरवसा राहिला नाही. तेव्हा कागद सुंदराच्या हातीच पाठवावा, रविवारी. त्या दिवशी इथे घरच्यांना येऊ देतात. बुधाजीची मोतीबाई दर रविवारी येते, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन, आणि तो मला बोलावून अर्धी देतो. मी खातो. यापुढे मला ती खायची नाही. मी बोलावलंय असं तिला सांगू नये. नामाजीनं कागद मागितलाय, एवढंच सांगावं.

ता. क. तिसरा. तिचं मन नसलं तर बळजबरी करू नका. मग फक्त तिला एक विचारून मला कळवा. गोठ्यात त्या दिवशी मी झोपेत बडबडत होतो असं ती एकदा म्हणाली होती. काय बोलत होतो ते मला आठवत नाही. तिला काही वाईट बोललो असेन तर तेही लिहा. येत्या शनिवारी पुन्हा माझी पाळी आहे, आणि आता अर्धवट सांगायचं नाही असं ठरवलं आहे.